सातताल, झाडू आणि आमची लोणावळ्याची रिट्रीट

आमच्या चर्चमध्ये रिट्रीटची, म्हणजे बाहेरगावी राहून प्रार्थना-मननाच्या शिबिराची, अनाउन्समेंट झाली की उपासना संपल्यावर चहाच्या टेबलापाशी पहिला प्रश्न काय येतो, तर जेवण कोणाकडे दिलंय. दुसरा, बाथरूम अटॅच आहे का. तिसरा सहसा येतच नाही, म्हणजे वक्ता कोण, विषय काय हे बसमध्ये बसल्यावर कळलं तरी लोकांना चालतं. टोमणा मारत नाहीये, मीही त्याच टेबलापाशी उभी असते आणि अटॅच बाथरूमवाला प्रश्न बऱ्याचदा माझाच असतो. वर्षभर लोकलला लटकणाऱ्या माणसाला दोन दिवस डोंगर बघायला मिळणार असेल तर त्याने पोटाचा आणि पाठीचा विचार करायचा नाही तर काय करायचं.

पण यंदा मला कमिटीत घेतलंय, महिला मंडळाची एक जागा असते ती. पहिल्याच मीटिंगला कोणीतरी म्हणालं की आपली मेथॉडिस्टांची, म्हणजे आपल्या प्रोटेस्टंट पंथाची, रिट्रीटची परंपरा फार मोठी आहे, ती जपली पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि पुढचा सगळा वेळ बॅनरवर कोणाचा फोटो कोणाच्या वर येणार यात गेला. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय, की परंपरा परंपरा म्हणतो ती नक्की कसली? लोणावळ्याचा बंगला आणि रात्रीचा कॅम्पफायर ही काही परंपरा नव्हे, ती ऑफिसच्या पिकनिकलाही असते.

मला विचाराल तर त्याचं उत्तर कुमाऊंच्या डोंगरात आहे, नैनितालच्या खाली भीमतालजवळ, सातताल नावाच्या ठिकाणी. तिथे १९३० साली स्टॅनली जोन्स नावाच्या अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनरीने एक आश्रम सुरू केला. एकट्याने नाही, बरोबर दोघं होते, एथेल टर्नर म्हणून लंडन मिशनरी सोसायटीच्या एक निवृत्त बाई आणि युनस सिन्हा हे आपले भारतीय पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री. या दोघांची नावं कार्यक्रमात कोणी घेत नाही, जोन्सचं मात्र हमखास घेतात, म्हणून आधी लिहून टाकली.

जोन्स १८८४ सालचे, मेरीलँडचे. १९०७ ला हिंदुस्थानात आले आणि लखनौच्या लालबागमधल्या इंग्रजी चर्चचे पाळक झाले. आठ-नऊ वर्षांत हा माणूस पार ढासळला, म्हणजे भाषण करता करता कोसळणे, काम सोडून विश्रांतीला पाठवणे, परत आल्यावर पुन्हा तेच. आज आपण सरळ बर्नआउट म्हणू आणि सुट्टी टाकू, त्या काळात मिशनऱ्याला हे म्हणायची सोय नव्हती. मग लालबागच्याच चर्चमध्ये एका रात्री मागे बसून प्रार्थना करताना त्यांना असं वाटलं की देव विचारतोय, तुला ज्या कामाला बोलावलं त्याला तू स्वतः तयार आहेस का, आणि त्यांनी सांगितलं की नाही, मी संपलो. तू काळजी माझ्यावर टाक, मी बघतो, असं उत्तर आलं आणि तिथून ते उभे राहिले, हे त्यांनी स्वतःच पुढे जन्मभर ठिकठिकाणी सांगितलं. विश्वास ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला त्यातलं 'मी संपलो' जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण पुढे साततालला जे उभं राहिलं त्याचा पाया तोच होता, की माणसाने चारचौघांत खरं सांगायचं.

१९२८ साली अमेरिकेत त्यांना बिशप निवडलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी नको म्हणून सांगितलं. चर्चच्या निवडणुका जवळून बघितलेल्या कोणालाही विचारा, हा चमत्कार येशूने पाण्याचा द्राक्षारस केला त्याच्या खालोखाल धरायला हरकत नाही.

त्याआधीच ते साबरमतीला राहून आले होते, शांतिनिकेतनलाही. गांधीजींना त्यांनी सरळ विचारलं होतं की ख्रिस्ती धर्म इथे परका वाटू नये म्हणून आम्ही काय करावं, आणि गांधीजींनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा की तुम्ही सगळे, मिशनरीसकट, आधी ख्रिस्तासारखं वागायला लागा, धर्मात पाणी घालू नका, प्रेमावर भर द्या आणि दुसऱ्यांच्या धर्मांचा आपुलकीने अभ्यास करा. गांधीजींवर जोन्सनी १९४८ साली पुस्तक लिहिलं ते अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंगनी वाचलं आणि त्यांच्यावर त्याचा परिणाम झाला. ते असो, तो वेगळा विषय आहे.

तर सातताल. उन्हाळ्याचे दोन महिने लोक येऊन राहायचे, अमेरिकन, इंग्रज, हिंदुस्थानी, ख्रिस्ती तर होतेच पण बाकीचेही. साधं देशी जेवण, खादी, पहाटेची प्रार्थना, ठराविक वेळ मौन, अभ्यास आणि अंगमेहनत. हे सगळं आज कुठल्याही वेलनेसवाल्याच्या माहितीपत्रकात सापडेल, पैसे भरले की खादीही मिळेल. पण तीन गोष्टी अशा होत्या की त्या पैसे भरूनही मिळणार नाहीत, आणि आमच्या रिट्रीटमधून नेमक्या त्याच गळाल्यात.

पहिली म्हणजे पदव्या गेटबाहेर. डॉक्टर, रेव्हरंड, प्रोफेसर, साहेब, सगळं बाहेर ठेवायचं आणि आत फक्त ब्रदर आणि सिस्टर अन पुढे नुसतं नाव. जोन्सनाही सगळे ब्रदर स्टॅनलीच म्हणायचे. आमच्याकडे बघा, बिशप साहेब, डी.एस. (डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट) साहेब, पाळक साहेब, सेक्रेटरी साहेब, अगदी संडे स्कूलच्या सुपरिंटेंडेंटलाही मॅडम. मला काही वडीलधाऱ्यांना एकेरी हाक मारायची नाहीये, ते आपल्यात बसतच नाही, दादा-ताई-काका-मावशी एवढ्यावर भागतं की. पण दादा म्हटलं की माणूस जरा जवळ येतो आणि साहेब म्हटलं की त्याला पुढची खुर्ची द्यावी लागते, इतका साधा हिशोब आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिल्या दिवसाची सकाळ. तिला ते मोकळ्या मनाची सकाळ म्हणायचे. सगळे गोलात बसणार आणि एकेकाने सांगायचं की मी इथे का आलो, मला काय हवंय आणि मला खरी गरज कशाची आहे. हे शेवटचं अवघड, कारण हवं असलेलं आणि गरजेचं यात बरंच अंतर असतं आणि ते चारचौघांत कबूल करावं लागतं. जोन्स आणि बाकीचे पुढारीही त्यात असायचे, म्हणजे डॉक्टरांनीही पेशंटच्या बाकावर बसायचं. शेवटच्या दिवशी परत गोल, आणि तेव्हा काय मिळालं ते सांगायचं. आमच्याकडे साक्ष देतात लोक, नाही असं नाही, पण ती साक्ष फार इस्त्री केलेली असते. प्रभूने नोकरी दिली, प्रभूने ऑपरेशन पार पाडलं, आमेन. मला माझ्या जावेचा हेवा वाटतो, मला घरी जायचा कंटाळा येतो, असं कोणी म्हणत नाही. म्हणालंच तर सोमवारी ती बातमी विरारपर्यंत पोचलेली असेल, हेही खरंय, म्हणून लोकांनाही दोष देता येत नाही.

ही पद्धत जोन्सनी हवेतून काढलेली नव्हती, मेथॉडिस्टांच्या रक्तातच आहे ती. मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या काळात, १७४२ साली, ब्रिस्टलच्या त्यांच्या सभागृहावर कर्ज झालं होतं. ते फेडायला एका कॅप्टनने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, बारा-बारा जणांचे गट करावेत आणि एकाने घरोघर जाऊन गोळा करावी. म्हणजे आपली भिशीच की! आणि पेनी गोळा करायला घरी गेल्यावर दिसायला लागलं की कोण दारू पितोय, कोणाकडे भांडण चाललंय, कोण आजारी आहे. वेस्लींच्या लक्षात आलं की हे तर कर्जापेक्षा मोठं काम आहे, आणि त्यातून क्लास मीटिंग तयार झाली, आठवड्याला बारा माणसं बसून एकमेकांच्या जिवाची विचारपूस करणारी. पुढे सगळा मेथॉडिझम त्याच्यावर उभा राहिला. चाळीत ज्यांनी भिशी चालवलीय त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही, हप्ता चुकला की त्या घरात काय चाललंय हे भिशीवालीला सगळ्यात आधी कळतं.

आता तिसरी गोष्ट, ज्यासाठी मी खरं म्हणजे लिहायला बसले. साततालला आठवड्यातून एक दिवस नोकरांना सुट्टी असायची, सफाई करणाऱ्यालासुद्धा, आणि त्या दिवशी त्यांची सगळी कामं आश्रमात राहणाऱ्यांनी वाटून घ्यायची. सगळी म्हणजे सगळी, संडास धरून. आणि १९३० चे संडास म्हणजे फ्लश ओढला की झालं असे नव्हते. जोन्सनी एक किस्सा सांगितलाय, तिथे ब्राह्मणातून ख्रिस्ती झालेले एक गृहस्थ होते, ते या कामाला काही हात लावेनात. जोन्सनी विचारलं तुम्ही कधी करणार, तर ते मान हलवून म्हणाले, ब्रदर स्टॅनली, माझं परिवर्तन झालंय पण इतकं नाही झालेलं.

मला हा माणूस फार आवडतो. निदान खरं बोलला. आम्ही सगळे त्याच्याच जातीचे आहोत, म्हणजे 'इतकं नाही झालेलं' या जातीचे.

आता हे कुठून आलं असेल ते मराठी माणसाला सांगायला नको. झाडू म्हटलं की आपल्याला गाडगेबाबा आठवतात, आधी गाव झाडायचं आणि मग रात्री कीर्तन. आणि अप्पासाहेब पटवर्धन, कोकणचे गांधी म्हणायचे त्यांना, त्यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मला भंगीकाम करू द्या म्हणून मागणी केली, सरकार देईना म्हणून अन्न सोडायची वेळ आली आणि तिकडे येरवड्याला गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण केलं. संडास साफ करायला मिळावा म्हणून उपास करणारी माणसं! साततालची कल्पना त्याच हवेतली आहे.

पण मेथॉडिस्टांच्या बाबतीत याला एक जास्तीची धार आहे, आणि ती चर्चमध्ये सहसा बोलली जात नाही. उत्तरेत मेथॉडिस्ट मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जे मोठ्या संख्येने लोक घेतले त्यातले पुष्कळ मेहतर समाजातले होते, म्हणजे ज्यांच्या वाट्याला समाजाने पिढ्यान्पिढ्या हेच काम टाकलं होतं. म्हणजे साततालच्या डोंगरात झाडू हातात घेणारा पाळक किंवा प्रोफेसर काही परक्या जातीचं काम करत नव्हता, तो आपल्याच मंडळीतल्या भावाचं काम करत होता, ज्याच्याबरोबर तो रविवारी एका प्याल्यातून प्रभुभोजन घेत होता. हे डोक्यात आल्यावर तो ब्राह्मण गृहस्थांचा किस्सा आधी वाटला तितका गमतीचा राहत नाही.

आणि माझी तक्रारही इथेच आहे, ती लिहिते. एक दिवस सुट्टी, मग बाकीचे सहा दिवस? सहा दिवस तोच माणूस तेच काम करत होता ना, आणि सातव्या दिवशी साहेब लोकांना अध्यात्माचा अनुभव मिळत होता. त्याचं नाव कुठे आलेलं मी वाचलेलं नाही. तो मोकळ्या मनाच्या सकाळी गोलात बसायचा का, बसला असता तर त्याने मला खरी गरज कशाची आहे म्हणून काय सांगितलं असतं, याचा विचार मी पुष्कळ वेळा करते. तरीही मी जोन्सना झुकतं माप देते, कारण त्यांनी निदान एक दिवस तरी काढला, आमच्याकडे तोही नाही.

साततालला मी गेलेय. मे महिन्यात, महिला मंडळाच्या ग्रुपबरोबर, दिल्लीहून रात्रीची रानीखेत एक्सप्रेस, सकाळी काठगोदाम आणि तिथून जीपने वर. बांज आणि चीडची झाडी, खाली हिरवं तळं, पक्षी इतके की दुर्बिणी लावून बसलेली माणसं जागोजागी. सुट्टीच्या दिवशी मात्र दिल्लीच्या गाड्यांची रांग, तळ्यात कयाक, मॅगीचे स्टॉल, आणि मौनाचा तास चालू असताना खालून कोणाच्या तरी गाडीतलं पंजाबी गाणं. रस्त्यावर एक बाई टोपलीत काफल घेऊन बसली होती, जांभळट लाल बारीक फळं, वर्तमानपत्राच्या पुडीत मीठ-तिखट मारून हलवून द्यायची. बी मोठं आणि गर नावाला, पण एकदा खायला लागलं की हात थांबत नाही, बोटं लाल होतात. आमच्यातल्या एका मावशीने तिला विचारलं, इथे आश्रमात येता का कधी, तर ती म्हणाली, काफल विकायला जाते ना. या उत्तरावर आम्ही हसलो, पण मला तिथे पाहिलेल्या कुठल्याही फोटोपेक्षा ते जास्त लक्षात राहिलंय.

आता कोणी म्हणेल की एवढ्या लांब कशाला जायचं, आपल्याकडे काय कमी आहे. काहीच कमी नाही, उलट आपल्याकडे आधी झालंय. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला तो १९१७ साली, म्हणजे साततालच्या तेरा वर्षं आधी, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. दोनच वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात ते मुंबईत वारले आणि दरबार काही फार टिकला नाही. ते मेथॉडिस्ट नव्हते, अमेरिकन मराठी मिशनचे, पण त्यांची भजनं आमच्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये दर रविवारी होतात आणि ती म्हणताना कोणी मिशन विचारत नाही. १९२२ ला विन्स्लो नावाच्या इंग्रज पाळकाने अहमदनगरला (पुढे पुण्यात आलेला) ख्रिस्त सेवा संघ काढला, त्याच्या एक वर्ष आधी तमिळनाडूत तिरुपत्तूरला ख्रिस्तुकुल आश्रम निघाला. म्हणजे दहा-पंधरा वर्षांत सगळीकडेच लोकांना खुर्च्या-बाकांच्या चर्चमधून उठून जमिनीवर बसावंसं वाटत होतं.

आणि मुंबईतच बघायचं तर जॉर्ज बोवेन. कुलाब्याला ताजच्या मागच्या बाजूला बोवेन मेमोरियल चर्च आहे ना, ते त्यांच्या नावाचं. न्यूयॉर्कचा माणूस, तरुणपणी नास्तिक, ऑपेराचा शौकीन, जिच्यावर प्रेम होतं ती मुलगी आजारपणात गेली आणि जाताना तिचं बायबल याच्यासाठी ठेवून गेली. १८४८ साली मुंबईत आले ते इथलेच झाले. मिशनचा पगार सोडला, बाजारात साध्या खोलीत राहिले, मराठी शिकून रस्त्यावर उभे राहून उपदेश करायचे. १८७१ मध्ये विल्यम टेलर हे अमेरिकन मेथॉडिस्ट प्रचारक मुंबईत आले आणि त्यांच्या सभांमधून इथे मेथॉडिस्ट मंडळी उभी राहिली, तेव्हा बोवेन त्यांना जाऊन मिळाले. १८८८ मध्ये इथेच वारले. चाळीस वर्षं मुंबईच्या बाजारात! त्यांना रिट्रीट घ्यायला डोंगरावर जावं लागलं नाही, आणि मला वाटतं सातताल शेवटी तिथेच पोचायला बघत होतं.

गेल्या वर्षीची आमची रिट्रीट मात्र डोंगरावरच होती, लोणावळ्याला एक बंगला घेतला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये भजन चाललेलं, पेटी, तबला, टाळ, छान रंग चढला होता. मी चष्मा विसरला म्हणून खोलीवर गेले तर पॅसेजमध्ये एक बाई आमचे संडास धूत होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, एका हातात ब्रश, दुसऱ्यात बादली, आणि हॉलमधल्या भजनाच्या ठेक्यावर तिची मान चाललेली. मला बघून बाजूला सरकली, म्हणाली, ताई जरा थांबा, ओलं आहे. मी विचारलं किती खोल्या, तर म्हणाली सगळा बंगला मीच करते. आम्ही साठेक माणसं होतो. हॉलमध्ये परत आले तर विषय चालू होता, येशूने शिष्यांचे पाय धुतले.

म्हणून यंदा कमिटीत मी ठराव मांडला. बॅजवर पदव्या नकोत, नुसतं नाव. पहिल्या सकाळी वक्ता नको, सहा-सात जणांचे गोल करून बसायचं. आणि एक पूर्ण दिवस बंगल्यातल्या कामवाल्यांना पगारी सुट्टी, त्यांची कामं आपण वाटून घ्यायची, पाळी लावून. पहिलं पटकन पास झालं, बॅज छापायला सोपं पडतं म्हणून. दुसऱ्यावर थोडी कुरकुर झाली. तिसऱ्यावर एकदम शांतता, मग एक काका म्हणाले भांडी घासू, झाडू मारू, पण ते संडासचं जरा बघू, सिनियर सिटिझन आहेत बरेच. दुसरे म्हणाले हे सिम्बॉलिक होईल. होईल ना, प्रभुभोजनही सिम्बॉलिकच असतं, असं मी म्हणाले आणि वातावरण जरा तापलं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, मला वाटलं खूश होतील. त्या भाजी निवडत होत्या. त्यांचे वडील म्युनिसिपालिटीत सफाई खात्यात होते, रिटायर होईपर्यंत, आणि आम्ही सगळेच हे घरात फारसं बोलत नाही. म्हणाल्या, "माझ्या बापाने जन्मभर ते काम केलं, आम्हाला शिकवलं कशासाठी, तर आम्हाला ते करायला लागू नये म्हणून. आता तुम्ही चर्चमध्ये बोलावून माझ्या हातात परत ब्रश देणार? तुम्ही करा. मी नाही करणार." मी काही बोलले नाही, बोलण्यासारखं काही नव्हतंच. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "आणि ॲसिड हाताने टाकू नका कोणी, हातमोजे घ्या, माझे बाबा त्याच्याने गेले."

पुढच्या मीटिंगला मी त्यांचं म्हणणं त्यांचं नाव न घेता तसंच्या तसं वाचून दाखवलं. बराच वेळ कोणी बोललं नाही, मग पाळक साहेबच, म्हणजे आता पाळक दादा म्हणायचं ठरलंय, म्हणाले की ज्यांच्या घरात हे काम पोटासाठी झालंय त्यांना सुट्टी, ब्रश बाकीच्यांनी घ्यायचा, आणि यादीत पहिलं नाव माझं घाला. ते 'बघू'वाले काका गप्प बसले, हो म्हणाले नाहीत पण नाही पण म्हणाले नाहीत. मिनिट्समध्ये तसं लिहून घेतलंय. हातमोजे आणि ब्रश बंगल्यातले वापरायचे की नवीन आणायचे यावर पाच मिनिटं चर्चा झाली, नवीनच आणायचे ठरले, ती खरेदी माझ्याकडे आहे.